लग्नाआधी लपवण्यासारखं काही नव्हतंच

सांगली जिल्ह्यातून एका तरुण नवऱ्याचं पत्र आलं आहे. नाव-गाव काढून, थोडं आटोपशीर करून देते.

"डॉक्टर, आमचं लग्न गेल्या मे महिन्यात झालं. बायको २३ वर्षांची, बी.कॉम. झालेली, लग्नानंतरही पतसंस्थेत कामाला जात होती. दिवाळी झाल्यावर तिला चार-पाच दिवस ताप आला, डोकं दुखलं. मग झोपच उडाली. रात्री उठून बसायची, हसायची, 'आत्याबाई (म्हणजे माझी आई) चहात काहीतरी कालवतात' म्हणायची. एकदा मला म्हणाली, तुम्ही ते नाहीच, त्यांचं सोंग घेऊन आलाय. घरच्यांनी देवऋष्याकडे नेलं. बाहेरचं आहे म्हणून त्यानं अंगारा दिला. मी हट्टानं मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं, तर इंजेक्शननंतर अंग लाकडासारखं झालं, ताप चढला. काही चावत असल्यासारखं तोंड सारखं हलायचं. मग आकडी आली आणि मिरजेला आयसीयूत ठेवावं लागलं. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला, तेव्हा काका म्हणाले, बघा, नाटक आहे सगळं. शेवटी पाठीतलं पाणी तपासल्यावर 'ॲन्टी-एनएमडीए' असं काही निघालं आणि सोनोग्राफीत डाव्या बीजकोशाला गाठ दिसली. ऑपरेशन झालं. गाठीत केस आणि दात होते. ते कळल्यापासून गावात काय काय बोलतात ते लिहवत नाही.

आता दीड महिना ती घरी आहे. सारखी झोपते, सारखं खायला मागते, लहान मुलासारखं बोलते, मधेच चिडते. दवाखान्यातलं काही आठवत नाही. आई म्हणते, हे आधीपासूनच होतं, लपवून पोरगी आपल्या गळ्यात मारली. पुढच्या महिन्यात दोन्हीकडच्यांची बैठक आहे. हा कॅन्सर आहे का? ती पहिल्यासारखी होईल का? मूल होईल का? डॉक्टर रिटुक्सिमॅब म्हणून एक महागडं इंजेक्शन सांगतात, ते द्यावं का? आणि मुख्य म्हणजे, आमची फसवणूक झाली का?"

मुख्य प्रश्न तुम्ही शेवटी ठेवलात. मी सुरुवात तिथूनच करते, कारण बैठकीत तोच आधी निघणार आहे.

फसवणूक झालेली नाही. तुमच्या बायकोच्या आजाराचं नाव ॲन्टी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस, म्हणजे शरीराच्या संरक्षण यंत्रणेनंच मेंदूवर केलेला हल्ला. हा आजार सुरू होतो तो दिवस बोट ठेवून सांगता येईल इतका उघड असतो. आधी फ्लूसारखा ताप आणि डोकेदुखी. मग काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत, झोप जाते, संशय येतो, भास होतात. पुढे तोंडाच्या आणि हातांच्या विचित्र हालचाली, आकडी, बोलणं बंद होणं, श्वास आणि नाडीची लय बिघडणं. तुम्ही लिहिलेला क्रम पाठ्यपुस्तकात छापावा असा आहे. मे ते ऑक्टोबर तुमची बायको पतसंस्थेत रोजची कॅश जुळवून घरी येत होती. या आजारातल्या माणसाला शंभराची मोड मोजता येत नाही, मग पाच महिने सासूसमोर शहाणपणाचं सोंग ते काय आणणार? गाठ मात्र लग्नाआधीपासून असेल, बहुधा असेलच, कारण अशा गाठी सावकाश वाढतात. पण ती तिच्या आईवडिलांना कळणार कशी? बहुतेकींना काही दुखत नाही, पाळीही नीट येते. कितीतरी जणींना दुसऱ्याच कारणानं केलेल्या सोनोग्राफीत तिचा पहिला पत्ता लागतो. माहेरच्यांना जे ठाऊकच नव्हतं ते त्यांनी लपवलं, असं म्हणता येणार नाही.

आता त्या केसांबद्दल आणि दातांबद्दल. गावातली तोंडं त्यावरूनच सुटली आहेत, आणि ती काय बोलत असतील याचा मला अंदाज आहे. निम्मे म्हणत असतील करणी, निम्मे म्हणत असतील लग्नाआधीचं काहीतरी. दोन्ही खोटं आहे आणि दुसरं तर बाईचं आयुष्य उद्ध्वस्त करणारं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

या गाठीला टेराटोमा म्हणतात. स्त्रीरोगतज्ज्ञ बोलताना सहसा डर्मॉइड म्हणतात. बीजकोशात स्त्रीबीजं घडवणाऱ्या पेशी असतात आणि शरीराचा कुठलाही भाग घडवण्याची कुवत त्यांच्यात असते. त्यातली एखादी पेशी पुरुषाचा काहीएक संबंध न येता, गर्भ न राहता, जागच्या जागी वाढू लागते. तिच्यातून कातडी, केस, चरबी, दात तयार होतात, आणि कधी मेंदूत असतात तशा मज्जापेशीही. पाळी न आलेल्या लहान मुलींमध्ये ही गाठ सापडते. पुरुषांच्या वृषणातसुद्धा टेराटोमा होतो. तरुण बायकांच्या बीजकोशातल्या गाठींपैकी ही अगदी नेहमीची आहे. केस आणि दात पाहून स्त्रीरोगतज्ज्ञ दचकत नाहीत, उलट निदान पक्कं झालं म्हणून निश्चिंत होतात. 'लग्नाआधीचं' हा शब्द बैठकीत कुणी काढला तर तो तुम्ही स्वतः तोडायचा. तिच्या वडिलांना उठून मुलीच्या चारित्र्याची ग्वाही द्यायला लागू नये.

गाठ पोटात आणि आजार डोक्यात, हे कसं? त्या गाठीतल्या मज्जापेशींवर एनएमडीए नावाचे रिसेप्टर, म्हणजे पेशीला येणारे निरोप घेणारे रेणू, असतात. पोटात मज्जापेशी असणं शरीराच्या संरक्षण यंत्रणेला परकं वाटलं आणि तिनं त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटीबॉडी) तयार केली. पण तेच रिसेप्टर खऱ्या मेंदूतही आहेत. आठवण ठेवणं, वागण्याचं भान, हालचालींवरचा ताबा, सगळ्याला ते लागतात. प्रतिपिंडं तिथे पोचून त्यांना चिकटली. चिकटलेला रिसेप्टर पेशी आपल्या पृष्ठभागावरून आत ओढून घेते आणि त्या जागेचं काम थांबतं. पेशी मात्र मरत नाही. तुम्ही शेतकरी कुटुंबातले असाल तर असं समजा की पीक कुणी उपटून नेलेलं नाही, पाटाचं पाणी वर कुणीतरी अडवलं होतं. दार उघडलं तरी पाणी शेवटच्या सरीपर्यंत पोचायला वेळ लागतो.

काकांना सांगा, या आजारात निम्म्याहून जास्त रुग्णांचा पहिला एमआरआय नॉर्मलच येतो. निदान होतं ते पाठीतल्या पाण्यातल्या प्रतिपिंडांवरून. ती नाटक करून तयार होत नाहीत.

मानसोपचाराच्या डॉक्टरांवर राग धरू नका. जगभरात या आजाराचे बहुतेक मोठे रुग्ण आधी मनोविकारतज्ज्ञांकडेच जातात, कारण सुरुवात तशीच दिसते. वेडसरपणावरच्या इंजेक्शनांनी या रुग्णांचं अंग ताठरू शकतं आणि ताप चढू शकतो, हे आता माहीत आहे. पण निदान व्हायच्या आधी ते कुणाला कसं कळावं? मुळात हा आजारच वैद्यकाला नवा आहे. अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात काम करणारे स्पॅनिश मज्जातज्ज्ञ जोसेप दाल्माऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अशा चार तरुण स्त्रियांची नोंद केली. चौघींनाही बीजकोशाचा टेराटोमा होता. २००७ मध्ये १२ रुग्णांच्या अभ्यासातून नेमका रिसेप्टर सापडला. त्याआधी अशा मुलींचं काय होत असेल, याचा विचार केला की मला अस्वस्थ वाटतं. आपल्याकडे किती जणींना झाड लागलं म्हणून बांधून ठेवलं असेल आणि किती जणी अंगाऱ्यावर गेल्या असतील, ते कोण मोजणार? पुढे कॅलिफोर्नियात मेंदूज्वराच्या रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा तिशीच्या आतल्या रुग्णांत हा आजार कुठल्याही एका विषाणूपेक्षा जास्त वेळा सापडला. दुर्मीळ आहे, पण वाटला होता तितका नाही.

आता कॅन्सर. तिच्या वयात अशी गाठ बहुतेक वेळा साधी असते, कॅन्सरची नसते. पण टेराटोमाचा एक अपक्व प्रकार कर्करोगात मोडतो, म्हणून काढलेल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट लागतो. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. तो आजच मागून घ्या. त्यात 'मॅच्युअर' म्हणजे पक्व असं लिहिलं असेल तर गाठीचा प्रश्न ऑपरेशनबरोबर संपला. 'इमॅच्युअर' असेल तर कर्करोगतज्ज्ञांना दाखवावं लागेल. दोन्ही बाबतीत उरलेल्या बीजकोशाची ठरावीक अंतरानं सोनोग्राफी करत राहायची, कारण तिथेही नवी गाठ येऊ शकते.

इंटरनेटवर तुम्ही वाचलं असणारच, म्हणून एक सांगते. कर्करोगाशी निगडित मेंदूदाह या नावाखाली बरेच वेगवेगळे आजार येतात. त्यातला एक जुना, वाईट प्रकार बहुधा उतारवयातल्या विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत दिसतो. फुप्फुसात एका जातीचा कर्करोग असतो आणि कधीकधी तो सापडण्याच्या आधीच स्मरणशक्ती जाऊ लागते. तिथे संरक्षण यंत्रणेच्या पेशी मेंदूच्या पेशींना मारून टाकतात, म्हणून गेलेलं फारसं परत येत नाही. तिथले निराशेचे आकडे तुमच्या बायकोला लावू नका.

तिच्या आजाराचे आकडे वेगळे आहेत. २०१३ मध्ये ५७७ रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनी पाहिलं तेव्हा त्यातले सुमारे ८१ टक्के रुग्ण चांगले सावरलेले होते, म्हणजे आपलं आपण करणारे, बरेचसे कामावर परतलेले. सुमारे १२ टक्क्यांना दोन वर्षांत आजार उलटला. गाठ सापडून निघालेल्यांत उलटण्याचं प्रमाण त्याहून कमी होतं. तुमच्या बायकोची गाठ सापडली आणि निघाली. या आजारात हे नशीबच म्हणायचं, कारण अनेकांना गाठच सापडत नाही आणि कारण न कळता उपचार चालू ठेवावे लागतात.

दीड महिन्यात ती पहिल्यासारखी का होत नाही, याचं उत्तर त्या पाटाच्या पाण्यात आहे. आजार ज्या क्रमानं चढला त्याच्या साधारण उलट क्रमानं उतरतो. आधी श्वास आणि नाडी ताळ्यावर येते, मग हालचाली, मग बोलणं. स्मरण, नियोजन, चारचौघांत कसं वागायचं याचं भान सगळ्यात शेवटी येतं. त्याला दीड वर्ष, क्वचित त्याहून जास्त लागतं. फार झोप, फार भूक, हट्ट, चटकन रडणं-चिडणं, लाज-संकोच सैल होणं, हे सगळं परतीच्या वाटेवरचं आहे. भूक तर स्टेरॉइडनंही वाढते. आयसीयूतलं आठवत नाही ते बहुधा कधीच आठवणार नाही, आणि आठवलं नाही तर बिघडत नाही. तिला परीक्षा घेतल्यासारखं 'सांग बरं तेव्हा काय झालं' असं विचारत बसू नका. उठण्या-जेवण्याच्या वेळा ठरवा, एक वही द्या, त्यात दिवसाची कामं लिहा, झालं की तिनंच खूण करायची. आकडीचा धोका आहे तोवर विहिरीवर एकटी नको, गॅसपाशी एकटी नको, न्हाणीघराला आतून कडी नको, स्कूटी तर नकोच. पतसंस्थेत रजेचा अर्ज द्या, राजीनामा देऊ नका.

आणखी एक, जे तुम्ही विचारलेलं नाही. ती लहान मुलासारखी वागते असं तुम्ही लिहिता. स्वतःच्या शरीराबद्दल समजून हो किंवा नाही म्हणण्याइतकी ती भानावर येत नाही तोवर शरीरसंबंध थांबवा. तिनं जवळीक दाखवली तरीही.

मूल होईल का? एक बीजकोश शाबूत असेल तर दिवस राहायला तो पुरतो. पण घाई करायची नाही. रिटुक्सिमॅब दिलं तर शेवटच्या डोसनंतर बारा महिने गर्भ राहू देऊ नये, असं औषधाच्या माहितीतच लिहिलेलं असतं. सायक्लोफॉस्फमाइड हे दुसरं औषध कुणी सुचवलं तर ते बीजकोशाला इजा करू शकतं. सुरू करण्याआधी त्याबद्दल स्पष्ट विचारा.

रिटुक्सिमॅब द्यावं की नाही हे मी पत्रावरून ठरवणार नाही. ते तिला तपासणाऱ्या मज्जातज्ज्ञांचं काम आहे. पण ते का सांगतात ते समजून घ्या. गाठ काढणं, स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन (निरोगी माणसांच्या रक्तातली प्रतिपिंडं) किंवा प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलणं ही पहिली फळी. त्या उपचारांनी पुरेशी सुधारणा झाली नाही तर दुसऱ्या फळीत, संरक्षण यंत्रणेच्या काही पेशी कमी करणारं रिटुक्सिमॅब येतं, आणि त्यानं आजार उलटण्याचा धोकाही घटतो. डॉक्टरांना विचारा की पहिल्या उपचारांनी ती त्यांच्या अंदाजाइतकी सुधारली का, आणि औषध नाही दिलं तर काय होईल. देण्याआधी हेपटायटिस बी आणि क्षयाची तपासणी झाली पाहिजे. हे औषध मुळात लिम्फोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी आलं. खोक्यावर किंवा मोबाइलवर ते वाचून कुणीतरी 'बघा, कॅन्सरच आहे' म्हणेल, त्याला आधीच सांगून ठेवा. खर्चाचं म्हणाल तर भारतीय कंपनीनं बनवलेलं रिटुक्सिमॅब २००७ पासून मिळतं, तेच लिहून द्यायला सांगा. दवाखान्यात महात्मा फुले योजनेचे आरोग्यमित्र बसतात, त्यांना फाइल दाखवा, आणि मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही तिथेच विचारा. चालू गोळ्या, विशेषतः स्टेरॉइड, बरं वाटतंय म्हणून एका दिवसात बंद करू नका.

तुमच्या आईबद्दल. चहात विष घालते असा आरोप सुनेनं तोंडावर केला, तोही शेजारपाजाऱ्यांसमोर केला असणार. तो विसरा म्हणणं सोपं आहे. त्यांना दुखलंय आणि त्यांचं दुखणं खरं आहे, हे आधी मान्य करा. मग सांगा की त्याच आजारात तिनं तुम्हालाही तोतया ठरवलं होतं. जवळच्या माणसावर संशय हे या आजाराचं लक्षण आहे, जसं टायफॉइडमध्ये ताप. माझी सूचना अशी की पुढच्या तपासणीला आईंना बरोबर न्या आणि हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. मुलाच्या तोंडून ऐकलं की ते बायकोची बाजू घेणं वाटतं. सुनेकडून माफीची अपेक्षा मात्र ठेवू नका. तिला ते बोलल्याचं आठवतच नाही.

बैठकीला दोन गोष्टी पाळा. बायोप्सी, पाठीतल्या पाण्याचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड समोर ठेवा, आणि तारखा वाचून दाखवा: ताप कधी आला, पतसंस्थेत शेवटची हजेरी कधीची. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. तिच्याकडून कुठल्याही कागदावर सही घेऊ देऊ नका, सोडचिठ्ठीच्या नाही, स्त्रीधनाच्या नाही, कसल्याच नाही. आजच्या स्थितीत ती काय लिहून देते हे तिला समजणार नाही, आणि अशी सही पुढे घेणाऱ्याच्याच अंगाशी येते. कायद्याचं वकिलाला विचारा, पण इतकं मलाही ठाऊक आहे की हिंदू विवाह कायद्यानुसार लग्नाला वर्ष होण्याआधी घटस्फोटाचा अर्ज सहसा चालत नाही, आणि मानसिक विकाराचं कारण पुढे करायचं तर तो असाध्य तरी असावा लागतो किंवा एकत्र राहणं अशक्य व्हावं असा तरी. सावरण्याची एवढी शक्यता असलेला आजार त्यात बसवायला जाणाऱ्याला न्यायालयात डॉक्टरांची साक्ष ऐकावी लागेल. तिला काही महिने माहेरी ठेवायचं असेल तर ठेवा, पण ते तिच्या सोयीसाठी. जाताना आणि आणताना तुम्ही बरोबर असा.

देवऋष्याचा विषय पुन्हा निघेल, तेव्हा काकांना बर्लिनची गोष्ट सांगा. तिथल्या प्राणिसंग्रहालयात क्नूट नावाचं पांढरं अस्वल होतं, जगभर लाडकं. मार्च २०११ मध्ये लोकांच्या डोळ्यांदेखत त्याला झटका आला, ते पाण्यात पडलं आणि बुडून मेलं. शास्त्रज्ञांनी त्याच्या मेंदूचा अभ्यास चालू ठेवला आणि २०१५ मध्ये जाहीर केलं की त्याला हाच आजार होता, हीच प्रतिपिंडं. त्या अस्वलावर कुणी करणी केली होती ते काकांनी सांगावं. आणि भूत उतरवतो म्हणून कुणी तिला मारहाण करायला किंवा चटके द्यायला निघाला, तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. पोलिसांत जायला बिचकू नका.

फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात आजाराचं नाव लिहा आणि त्याखाली कोणत्या इंजेक्शननं अंग ताठरलं होतं तेही लिहा. त्या पानाचा फोटो तुमच्या, तिच्या आणि तिच्या भावाच्या मोबाइलमध्ये ठेवा. झोप पुन्हा उडाली, बोलणं कमी झालं, संशय सुरू झाला, तोंड वेडंवाकडं हलू लागलं, आकडी आली, किंवा औषधं चालू असताना ताप आला, यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी मिरजेला न्या. अमावास्या कधी आहे ते बघत बसू नका.